कॉम्प्युटरचा फेरफार काढून ठेवा

जुलैची २७ तारीख होती. पीक विम्याची मुदत ३१ ला संपत होती. केज तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचा फोन आला. त्या सेवा केंद्र चालवतात. त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत. अंगठ्याचं मशीन लावलेला विंडोजवर चालतो, आणि दिवसभर खरा राबतो तो दुसरा, लिनक्स मिंटवरचा. सातबारा, पासबुक, स्वयंघोषणापत्र स्कॅन करायचं, फाइल लहान करायची, फॉर्म भरायचा, पावती छापायची, सगळं त्याच्यावर. आदल्या रात्री वारं सुटलं, पाऊस आला, लाइट चार-पाच वेळा आली आणि गेली. सकाळी हार्ड डिस्क उघडेना. ओसरीवर माणसं कागद घेऊन बसलेली.

"सर, डिस्क नवीन आणली. मिंट पण टाकून घेतलं. पण माझं काम होईना."

मी विचारलं, "ताई, माहिती गेली का?"

"नाही, कागदपत्रं पेनड्राइव्हमध्ये आहेत सगळी. पण आधी जे होतं ते काहीच नाही इथं. स्कॅनर दिसेना. मराठी टाइप होईना. आणि भाच्यानं काहीतरी टाकून दिलं होतं, फोटोवर राइट क्लिक केलं की फोटो लहान व्हायचा. त्याचं नाव मला माहीत नाही."

भाचा पुण्यात रात्रपाळीला. त्याचा फोन दुपारपर्यंत बंद. तो उठला तेव्हा त्यालाही नीट आठवेना, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही अंदाजानं एकेक टाकत गेलो. स्कॅनर सुरू व्हायला संध्याकाळ झाली, प्रिंटर दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. पोर्टलवर मोठी फाइल चढत नाही, त्यामुळे प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलवर लहान करून परत कॉम्प्युटरवर घ्यायचा, असं करत ताईंनी मुदत गाठली. काही शेतकरी कंटाळून दुसऱ्या गावाला गेले. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली दिवसाची मजुरी त्यांच्याच खिशातून गेली.

त्या दोन दिवसांत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ताईंची माहिती शाबूत होती. नवीन सिस्टीम अर्ध्या तासात उभी राहिली होती. हरवली होती ती फक्त एक यादी, दहा-बारा नावांची. डिस्क चालू होती तोवर ती यादी पाच मिनिटांत निघाली असती. डिस्क गेल्यावर ती कुणाकडेच नव्हती.

म्हणून ज्यांच्या घरात, दुकानात, अभ्यासिकेत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत लिनक्सचा कॉम्प्युटर आहे, त्या सगळ्यांना मी हात जोडून सांगतो. त्यावर तुम्ही स्वतःहून काय काय टाकलंय, हे ओळखा आणि लिहून ठेवा. मशीन चालू आहे तोवर लिहा.

हे आत्ता सांगायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्यामानानं नवा प्रोसेसर लागतो. आपल्याकडच्या दुकानांतले, टायपिंग इन्स्टिट्यूटमधले, शाळांना कुणी दान दिलेले बरेच कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. त्यांच्यावर लोक आता मिंट किंवा उबुंटू टाकून घेतायत. मला याचा मनापासून आनंद आहे. जुनं मशीन भंगारात जाण्यापेक्षा आणखी पाच-सात वर्षं चाललेलं केव्हाही चांगलं. पण टाकून देणारा निघून जातो आणि मशीन तुमच्याकडे राहतं. पुढं त्यात जी भर पडते ती तुमच्या हातानं पडते आणि तिचा हिशोबही तुम्हालाच ठेवावा लागतो.

मंडळी विचारतात, लिनक्सवर आपण टाकलेलं वेगळं ओळखायचं कसं? यादी उघडली तर दीड-दोन हजार नावं दिसतात, बहुतेक कधी न ऐकलेली. यातलं मी टाकलं कोणतं?

आपल्या शेतकरी जिल्ह्यात हे समजावणं सोपं आहे. सातबारा काय सांगतो? आज जमिनीवर कोणाचं नाव आहे ते. ते नाव खरेदीनं लागलं, वारसानं लागलं की वाटणीपत्रानं, हे पाहायला आपण फेरफार काढतो. कॉम्प्युटरमध्येही अशीच दोन दप्तरं आहेत. एकात आज कोणती पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, मशीनवर आहेत त्याची नोंद असते. दुसऱ्यात ती कशी आली त्याची. दीड हजार नावांची यादी पाहून घाबरणारा माणूस सातबारा हातात धरून फेरफाराचं उत्तर शोधत असतो.

आता 'कशी आली' म्हणजे काय ते पाहू. तुम्ही भिंत बांधायला गवंडी बोलावता. तो सोबत दोन बिगारी आणतो. बोलावणं तुम्ही गवंड्याला धाडलेलं असतं, बिगारी त्याच्या गरजेपोटी आलेले असतात. सॉफ्टवेअरचंही तसंच. तुम्ही स्कॅनिंगचा एक प्रोग्रॅम मागता, त्याच्यासोबत स्कॅनरशी बोलणारी, चित्रं उघडणारी, फाइल जतन करणारी पाच-दहा लहान पॅकेजेस आपोआप येतात. डेबियन, त्यावर उभं असलेलं उबुंटू, उबुंटूवर उभं असलेलं मिंट आणि आपल्या सी-डॅकनं डेबियनवरच तयार केलेलं बॉस, या सगळ्यांत पॅकेज आणून देणारा कारभारी एकच आहे, त्याचं नाव ॲप्ट. हा ॲप्ट सोबत आलेल्या प्रत्येक पॅकेजपुढं खूण करून ठेवतो: हे आपोआप आलेलं. ज्याच्यापुढं ही खूण नाही ते मागून आणलेलं मानलं जातं. इंग्रजीत त्याला मॅन्युअल म्हणतात. तुम्हाला हवी असलेली यादी याच खुणेवरून निघते.

ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची भीती वाटते त्यांनी सिनॅप्टिक नावाचा प्रोग्रॅम उघडावा. नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावा, फुकट आहे. त्यात डाव्या बाजूला खाली 'स्टेटस' असं बटण असतं. ते दाबलं की वर 'इन्स्टॉल्ड', 'इन्स्टॉल्ड मॅन्युअल', 'इन्स्टॉल्ड लोकल ऑर ऑब्सोलीट' असे कप्पे दिसतात. मॅन्युअलच्या कप्प्यावर टिचकी मारा, यादी समोर येते. 'लोकल'चा कप्पाही लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत. सिनॅप्टिक कसं वापरायचं यावर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचा धडा आहे आणि या प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प खेड्यातल्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे. तो आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात ऐकवला जावा असं मला फार वाटतं.

टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, चालत असेल तर काम आणखी सोपं. मी फोनवर सांगतो तसंच इथं सांगतो, टंकताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा. पहिला शब्द 'ॲप्ट-मार्क', मध्ये आडवी रेघ. एक जागा सोडा. दुसरा शब्द 'शोमॅन्युअल', शो आणि मॅन्युअल जोडून. एंटर. पासवर्डसुद्धा मागत नाही, कारण ही आज्ञा काहीच बदलत नाही, फक्त वाचून दाखवते. बिनधास्त चालवा. यादी कागदावर हवी असेल तर याच ओळीच्या शेवटी > हे चिन्ह टाका आणि पुढं फाइलला कोणतंही नाव द्या. ती फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये तयार होते.

ॲप्टच्या बऱ्याच संदेशांचं मराठी भाषांतर झालेलं आहे, मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारती प्रकल्पातून. सिस्टीमची भाषा मराठी ठेवली तर ॲप्ट बराचसा मराठीतून बोलतो. ज्यांनी हे काम केलं त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

आता एक अडचण येते आणि ती मी लपवणार नाही. ही यादी उघडल्यावर तुम्ही म्हणाल, "सर, मी तर दहाच गोष्टी टाकल्या, इथं तर दोनशे-तीनशे नावं आहेत." बरोबर आहे. सिस्टीम पहिल्यांदा टाकली तेव्हा इन्स्टॉलरनं जे बसवलं, त्यातल्या पुष्कळ पॅकेजेसवरही 'मागून आणलेलं' अशीच नोंद पडते. म्हणजे घर बांधतानाचे गवंडी आणि नंतर तुम्ही बोलावलेले गवंडी एकाच हजेरीपत्रकात येतात. ते वेगळे करायचे तर मूळ हजेरी वजा करावी लागते.

मिंटवर ही मूळ हजेरी सहसा सापडते. फाइल सिस्टीममध्ये 'व्हार', त्यात 'लॉग', त्यात 'इन्स्टॉलर' नावाचा फोल्डर असतो. तिथं 'इनिशिअल-स्टेटस' नावाची दाबून ठेवलेली फाइल असते. सिस्टीम बसली त्या दिवशी काय काय होतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती नसेल तरी हरकत नाही. ज्या पेनड्राइव्हवरून सिस्टीम टाकली होती त्याच आवृत्तीचा पेनड्राइव्ह लावा, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा, इन्स्टॉल न करता तिथं तीच शोमॅन्युअलची आज्ञा चालवा आणि यादी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. दोन याद्या शेजारी ठेवून एकीतून दुसरी वजा केली की उरतं ते तुमचं. हे काम दहावीतल्या मुलाला द्या, तो आनंदानं करील आणि गणितातले संच त्याला पहिल्यांदा कामाला आलेले दिसतील.

मिंट वापरणाऱ्यांना याहून सोपा रस्ता आहे. मिंटमध्ये 'बॅकअप टूल' नावाचा प्रोग्रॅम आधीपासून असतो. त्यात दोन भाग आहेत, एक तुमच्या फाइलींचा, दुसरा 'सॉफ्टवेअर सिलेक्शन'चा. दुसरा भाग तुम्ही टाकलेल्या ॲप्लिकेशनची यादी करून फाइलमध्ये ठेवतो. नवीन मिंटवर तीच फाइल दाखवली की तो ती सगळी परत आणतो. ताईंच्या कॉम्प्युटरवर हा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून होता. तो कुणी उघडला नव्हता, आणि मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ही चूक माझी. ती पुन्हा होऊ नये म्हणूनच इतकी लांबण लावून लिहितोय.

खुणेची गोष्ट झाली, आता खऱ्या फेरफाराकडे येऊ. 'व्हार', 'लॉग', 'ॲप्ट' अशा फोल्डरमध्ये 'हिस्टरी डॉट लॉग' नावाची फाइल आहे. ती साध्या एडिटरमध्ये उघडते. मला विचाराल तर सगळ्यात बोलकी वही हीच. प्रत्येक नोंदीत सुरू झाल्याची तारीख-वेळ असते, कोणत्या आज्ञेनं काम झालं ते असतं, कोणत्या वापरकर्त्यानं मागितलं ते असतं, आणि काय काय बसलं त्याची नावं असतात. जे सोबतीला आलं त्याच्यापुढं कंसात 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं. म्हणजे १२ जूनला दुपारी कुणी, काय मागितलं आणि त्याच्याबरोबर कोण कोण आलं, सगळं तारीखवार. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलेलं असेल तर आज्ञेच्या जागी वेगळंच नाव दिसेल, त्यानं गोंधळू नका.

पण या फेरफाराला मुदत आहे. दर महिन्याला जुनी फाइल दाबून बाजूला ठेवली जाते आणि नेहमीच्या मांडणीत अशा १२ फाइली राहतात. तेराव्या महिन्यात सगळ्यात जुनी पुसली जाते. ज्यानं दीड वर्षापूर्वी काही टाकलं त्याची तारीख तुम्हाला तिथं मिळणार नाही. जमिनीचे जुने फेरफार मोडीत का असेना, दप्तरात सापडतात. कॉम्प्युटर इतका धीर धरत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी हा 'ॲप्ट' फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. काही केबींचा तर असतो.

आता 'लोकल'च्या कप्प्याकडे. गावाकडच्या कामात सगळ्यात जास्त घात इथंच होतो. प्रिंटरचं ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर, एखादा ब्राउझर, अशा गोष्टी कंपनीच्या साइटवरून डॉट-डेब फाइल उतरवून टाकलेल्या असतात. त्या उबुंटू किंवा मिंटच्या भांडारात, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजेस आणतो तिथं, नसतात. त्यामुळे नावं लिहून ठेवली तरी नवीन मशीनवर ॲप्टला मागितल्यावर तो म्हणतो, असलं काही माझ्याकडे नाही. 'लोकल'च्या कप्प्यात जे दिसेल त्याचं नुसतं नाव लिहू नका. ते कुठून उतरवलं ते लिहा आणि ती डॉट-डेब फाइलच जपून ठेवा. ग्रामपंचायतीत सहीचं टोकन चालेनासं झालं की सगळा कारभार थांबतो, आणि देणाऱ्यानं दिलेली सीडी कुणाच्या तरी कपाटात धूळ खात असते. ती शोधून आजच कॉपी करा. काही जणांनी बाहेरची भांडारंही जोडलेली असतात. त्यांची नावं 'ईटीसी', 'ॲप्ट', 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' या फोल्डरमध्ये सापडतील, तीही वहीत घ्या.

फाइल नेहमी मूळ ठिकाणाहूनच उतरवा, आणि तिथूनही उतरवल्यावर पडताळणीचा आकडा जुळवून पाहा. २० फेब्रुवारी २०१६ ला हल्लेखोरांनी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची वाट वळवली होती आणि लोकांच्या हाती चोरदरवाजा असलेली प्रत गेली होती. मिंटच्या लोकांनी लगेच उघडपणे सांगितलं आणि आकडा कसा तपासायचा तेही सांगितलं. तपासणाऱ्यांना कळलं.

ॲप्टला ज्यांचा पत्ताच नसतो अशाही गोष्टी असतात, त्या स्नॅप किंवा फ्लॅटपॅकसारख्या दुसऱ्या वाटांनी आलेल्या असतात. स्नॅपमधून टाकलेलं 'स्नॅप लिस्ट' म्हटल्यावर दिसतं. फ्लॅटपॅकमधून टाकलेलं 'फ्लॅटपॅक लिस्ट' म्हटल्यावर. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅक सरळ मिसळलेले दिसतात, म्हणून पुष्कळांना आपण नेमकं कुठून घेतलं ते कळत नाही. ॲपइमेज नावाच्या फाइली तर कुठंच बसत नाहीत, डाउनलोड फोल्डरमध्येच पडून असतात आणि तिथूनच चालतात. डाउनलोड साफ केलं की गेल्या. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांनी पायथनच्या पिपनं टाकलेलं वेगळंच खातं असतं, त्याला 'पिप लिस्ट' विचारावं लागतं.

आणि मग 'यूएसआर' मधला 'लोकल' फोल्डर. डेबियनचा जुना आणि पक्का नियम आहे की भांडारातून आलेल्या पॅकेजनं या फोल्डरात आपली फाइल ठेवायची नाही, ही जागा मशीनच्या मालकाची. मिंट स्वतःचे काही प्रोग्रॅम तिथं ठेवतं, ते सोडले तर तिथं जो काही प्रोग्रॅम सापडेल तो बहुधा कुणीतरी हातानं ठेवलेला असणार. ताईंच्या भाच्यानं लिहिलेली ती फोटो लहान करणारी चार ओळींची स्क्रिप्ट अशीच तिथं ठेवलेली होती, म्हणून ती कोणत्याच यादीत आली नसती. 'ऑप्ट' नावाचा फोल्डरही बघा, बाहेरच्या कंपन्यांचे मोठे प्रोग्रॅम बहुधा तिथं उतरतात. तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये 'बिन' आहे का, 'डॉट-लोकल'मध्ये 'बिन' आहे का, तेही पाहा. एखादी फाइल कुणाची हे कळेना तर 'डीपीकेजी', जागा, आडवी रेघ आणि मोठा 'एस', जागा, आणि फाइलचा पूर्ण पत्ता द्या. पॅकेजची असेल तर पॅकेजचं नाव सांगेल. नसेल तर सापडत नाही म्हणेल, आणि मग समजा की ती बहुधा घरचीच आहे.

फॉन्टचं मला वेगळं सांगायचंय, कारण मराठी कामात ते फार छळतात. लोहित देवनागरीसारखा फॉन्ट, जो रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला, तो पॅकेज म्हणून येतो आणि यादीत दिसतो. पण पत्रिका, फ्लेक्स, अर्ज छापणारे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरतात. ते आपण सरळ फोल्डरात कॉपी केलेले असतात, होममधल्या 'डॉट-फॉन्ट्स'मध्ये किंवा 'डॉट-लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स'मध्ये. फॉरमॅट मारला की पाच वर्षांच्या लग्नपत्रिका नुसती इंग्रजी चिन्हं होऊन बसतात. डॉट असलेले फोल्डर लपलेले असतात. कंट्रोल धरून एच दाबलं की दिसतात. ते फोल्डर कॉपी करा. आणि मराठी टंकनासाठी आयबसचं 'एम-१७-एन' टाकलं असेल तर त्याचं नाव यादीत ठळक लिहा. त्यावर हात बसलेल्या माणसाचं काम त्याच्याशिवाय अडतं.

दोन चुका फार दिसतात. जुनी मंडळी यादी काढायला डीपीकेजीची 'गेट-सिलेक्शन्स' ही आज्ञा सांगतात. ती सगळीच्या सगळी नावं देते, गवंडी-बिगारी एकत्र. ती यादी नवीन मशीनवर जशीच्या तशी ॲप्टला मागायला लावली की प्रत्येक बिगाऱ्यावर 'मालकानं स्वतः बोलावलेला' अशी नोंद लागते. पुढं कितीही गवंडी गेले तरी ते घरातून हलत नाहीत. यादी नेहमी शोमॅन्युअलचीच घ्या.

दुसरी चूक 'ऑटोरिमूव्ह'ची. ज्यांना आता कुणी विचारत नाही असे बिगारी घालवायची ही आज्ञा आहे, आणि चांगली आहे. पण ती आधी नावं दाखवते आणि मग हो का विचारते. नावं न वाचता 'वाय' दाबणारे मी शेकड्यानं पाहिलेत. तुम्हाला रोज लागणारं एखादं पॅकेज दुसऱ्याच्या सोबतीला आलेलं असेल तर ते त्या यादीत असू शकतं. तसं दिसलं तर थांबा आणि 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल' म्हणून त्याचं नाव द्या. आता त्याच्यावर तुमचं बोलावणं लागलं, ऑटोरिमूव्ह त्याला हात लावणार नाही. चुकून मागितलेल्या पॅकेजला परत 'ऑटो' करायची सोयही तिथंच आहे.

फेडोरा वापरणाऱ्यांनी 'डीएनएफ रेपोक्वेरी' आणि पुढं दोन आडव्या रेघांसह 'यूजरइन्स्टॉल्ड' असं विचारावं. आर्चवाल्यांनी 'पॅकमन', आडवी रेघ, मोठा क्यू, लहान ई. आपल्याकडे हे वापरणारे कमी आहेत आणि जे आहेत त्यांना बहुतेक ठाऊक असतं.

यादी काढण्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. एका अभ्यासिकेत मी मुलांबरोबर बसून यादी वाचत होतो. स्पर्धा परीक्षेची मुलं, तिथंच फॉर्म भरतात, तिथंच बँकेचं उघडतात. 'लोकल'च्या कप्प्यात दूरवरून कॉम्प्युटर चालवायचा एक प्रोग्रॅम निघाला. कुणी टाकला? कुणालाच माहीत नाही. बऱ्याच चौकशीनंतर आठवलं, कधीतरी प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं 'फोनवरून बघतो' म्हणून टाकला होता आणि तसाच राहिला. मशीन सुरू झालं की तोही सुरू होत होता. त्यातून काही नुकसान झाल्याचं दिसलं नाही, पण त्या मुलांच्या आई-बापांची कमाई त्या मशीनवरून फीमध्ये जात होती, आणि माझे हात गार पडले. अशा दूरस्थ ॲपच्या आधारे खात्यातून पैसे काढले जातात, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं होतं. यादीत असं काही दिसलं आणि ते कुणी मागितलं हे सांगता येईना तर काढून टाका. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

वही कशी ठेवायची? साधी दोनशे पानी. पानावर चार रकाने आखा: नाव, कुठून आलं, कधी टाकलं, कशासाठी. 'कशासाठी' हा रकाना टाळू नका. नाव तर मशीन सांगेल, तारीखही वर्षभर सांगेल, पण ते पॅकेज तुमच्या कोणत्या कामाला लागतं हे कोणत्याच लॉगमध्ये लिहिलेलं नसतं. वहीचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवा. फक्त कॉम्प्युटरवर ठेवलेली यादी कॉम्प्युटरबरोबरच जाते. शाळेत असाल तर वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाच्या बॅगेत नको. आणि नवीन काही टाकलं की त्याच दिवशी एक ओळ लिहा. दुकानाची उधारी आपण त्याच दिवशी मांडतो, तितकंच हे.

परवा केजला गेलो होतो तेव्हा ताईंनी त्यांची वही दाखवली. निळ्या पेनानं नीट लिहिलेली १४ नावं. डॉट-डेब फाइलींचा पेनड्राइव्ह वहीच्या कव्हरला सुतळीनं बांधलेला. एका नावापुढं मात्र 'कशासाठी'चा रकाना कोराच होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "हे भाच्यानं आता दिवाळीत टाकलं. रविवारी त्याला सुट्टी असते. विचारून लिहिते."